बशीची कड

आमच्या दुबईजवळच्या अजमानच्या कारखान्यात हॉटेलांसाठी कप-बशा आणि ताटं बनतात. मी तिथे प्रॉडक्शन इंजिनिअर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण काम कसं करावं हे मला डिग्रीपेक्षा जास्त आमच्या फ्रेंच मॅडमकडे बघून कळलं.

मॅडम शिल्पकार. वय सत्तरीला टेकलेलं, नखांत कायम प्लॅस्टर. तरुणपणी शिल्पकला शिकल्या, पण पुतळे विकत घेणार कोण? म्हणून चिनी मातीच्या एका कारखान्यात शिरल्या. आधी शोकेसमधली बदकं आणि ससे, मग फुलदाण्या, मग टी-सेट, मग चक्क बाथरूमची बेसिनं. एक फुलदाणी तिकडच्या संग्रहालयात आहे म्हणे. पण एकदा मॉलमध्ये हात धुताना त्यांनी मला कोपराने ढोसलं. "हे बेसिन माझं. फुलदाणी बिचारी काचेआड बसलीय. याला बघा, किती हात लागतात!"

तिकडचे कारखाने एकेक करून बंद पडले, तशा त्या काम शोधत इकडे आल्या. करार वर्षाचा. वर्ष संपत आलं तरी त्यांचा एकही सेट पास झाला नव्हता. आमचे सेल्स हेड लखनौचे. ते म्हणायचे, "मॅडम, माल अच्छा है, पर इसमें इधर का कुछ नहीं है. होटेलवाले पूछते हैं, ऊँट कहाँ है?"

"उंट बघायला लोकांनी वाळवंटात जावं," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे चहा प्यायला यावं."

"आएँगे, इन्शाल्ला. लेकिन एक ही सॅम्पल और. नहीं चला तो काँट्रॅक्ट खलास."

मॅडम हसल्या, पण दिवसभर मॉडेल रूमबाहेर आल्या नाहीत. या वयात दुसरा कारखाना त्यांना कुठून मिळणार होता?

त्या शनिवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. नंतर चहा झाला, आणि मी नेहमीसारखा बशीत ओतला.

"आई, प्लीज! नॉट इन फ्रंट ऑफ हर," लेक कुजबुजली.

"का गं? शिकले म्हणून काय चहा कमी गरम लागतो?"

मॅडमनी चष्मा लावला. "परत एकदा," त्या म्हणाल्या. मी परत ओतला, फुंकर मारली, फुर्रकन प्यायले. त्या माझा अंगठा बघत होत्या, बशी किती कलते ते बघत होत्या. मग विचारलं, "हनुवटीवर थेंब का ओघळतो?"

"बशी अशीच असते."

"नाही. ती करणाऱ्याने तुम्हाला पिताना बघितलेलं नाही."

सोमवारी त्यांनी नव्या बशीचं प्लॅस्टरचं मॉडेल करायला घेतलं. खोलगट, आणि कड बारीक, किंचित बाहेर वळलेली. पहिला लॉट भट्टीतून आला तो बुडाशी खाली बसलेला. टेबलावर ठेवली की बशी डोलायची.

"मॅडम, ही डोलतेय," मी सरळ सांगितलं.

त्यांना राग नाही, दुःख नाही. मॉडेलचं बूड त्यांनी मध्ये जरासं वर उचललं. भट्टीच्या आचेत ते खाली यायचंच, तर येऊन सपाट होऊ दे. दुसऱ्या खेपेला बशी टेबलावर गपगुमान बसली.

सेल्स हेडनी उचलून बघितली. "ये कटोरी है क्या?"

मी बशीत कडक चहा ओतला आणि पुढे केली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, दोन्ही हातांनी बशी धरली आणि असा भुरका मारला की शेजारच्या पॅकिंग विभागातली माणसं वळून बघायला लागली.

"एक और डालिए," ते म्हणाले.

सेट एका हॉटेलने घेतला. मॅडमचा करार वाढला. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले, तर बाई कपाचा कान घासत बसलेल्या. "तुमची करंगळी यात अडकते. त्या दिवशी पाहिलं मी."

पुढे त्याच हॉटेलात मी त्यांना आणि लेकीला चहाला घेऊन गेले. लेकीने विचारलं, "बट व्हेअर इज युवर नेम?"

"नाव असलं तर बशीच्या खाली असतं," मॅडम म्हणाल्या. "आत्ता उलटलीस तर चहा सांडेल."

लेकीने क्षणभर विचार केला. कपातला चहा बशीत ओतला, बशी तोंडाला लावली, चहा संपवला आणि मग उलटून बघितली. खाली फक्त कंपनीचा शिक्का होता.

तिची हनुवटी मात्र कोरडी होती.