चवीच्या वहीतली सही

मंगळवार, सकाळी साडेदहा, मोरिवलीकडची एक शाळा. हजर: मुख्याध्यापिका, मदतनीस, मी आणि स्वयंपाकाच्या मावशी.

तालुक्यातल्या शाळांचा पोषण आहार माझ्याकडे आहे, त्यामुळे या मावशींना मी महिन्यातून दोनदा तरी भेटते. त्या पटावरचा आकडा विचारत नाहीत. वर्गांबाहेरच्या चपला बघून तांदूळ घेतात आणि सहसा चुकत नाहीत. बोलताना त्यांचा हात थांबत नाही, आणि मुलाहिजा त्या कुणाचाच ठेवत नाहीत.

मुलांना वाढण्याआधी जेवण चाखायचं आणि मग वहीत सही करायची, असा नियम आहे. मला पुढे बदलापूरच्या दोन शाळा गाठायच्या होत्या. मी सही करून टाकली आणि पर्स उचलली.

मावशी डाव घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मॅडम, सही झाली, पन घास कुठं गेला?"

"वास छान येतोय की, मावशी."

"मला तर कायच येत नाय. दोन दिस नाक बंद हाय. म्हनून तर तुमचं तोंड पायजे."

मी उसळ चाखली. रात्रभराच्या उकाड्यानं मटकी आंबली होती.

बाहेर मुलं ताटं घेऊन रांगेत बसली होती. मावशींनी उसळ बाजूला काढली आणि मुगाची डाळ चढवली. मुलं उशिरा, पण पोटभर वरणभात जेवली.

अहवालात मी मटकीचं लिहिलं, मावशींचं कौतुकही लिहिलं. माझी सही न चाखताच झाली होती, एवढं लिहायचं अजून राहिलं आहे.