वस्तरेमामांनी घातलेली वेणी

तर डॉक्टरांनी मेंदूतली शीर फुगलीय म्हणून सांगितलं आणि मामी चक्क हसल्या, इथवर काल आलो होतो. का हसल्या, ते राहिलंच. मामींचे यजमान, आमचे शेजारी वस्तरेमामा, इस्पितळात न्हावी. मेंदूच्या ऑपरेशनआधी रोग्याचं डोकं भादरायचं, हेच त्यांचं काम. मामी म्हणाल्या, "साऱ्या जगाची डोकी भादरलीत, माझी एक वेणी कधी घालून दिली नाहीत. घ्या, आता माझंच डोकं आलं." हा टोमणा जन्मभराचा. मामा मिशीत हसायचे आणि वस्तऱ्याला धार लावत बसायचे.

भादरायची वेळ येणार नाही, असंच आधी वाटलं. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी पार मेंदूपर्यंत न्यायची आणि त्या फुग्यात मऊ तारेची वेटोळी भरायची, म्हणजे रक्त आत शिरत नाही, कवटीला हातसुद्धा लावावा लागत नाही. मामा इतके खूश, की वस्तरा घरी फळीवर ठेवून आले. पण तपासणीत निघालं, फुग्याचं तोंड रुंद. तार आत ठरायची नाही. मग कवटी उघडून तोंडाशीच इवलासा चिमटा लावायचं ठरलं. मामी म्हणाल्या, "बरंय. बाहेरून केसांना चिमटे लावून कंटाळलेच होते."

भादरायला दुसऱ्या कुणाला बोलावू म्हटलं, तर मामा ऐकेनात. घरी जाऊन वस्तरा घेऊन आले. कपाळाच्या वर बोटभर पट्टी तेवढी काढली, बाकी केसांना पातं लागू दिलं नाही. मग विंचरायला बसले. पेड सारखे सुटत होते; कात्री धरणाऱ्या हातांना वेणी कुठली ठाऊक? मामी डोळे मिटून "घट्ट घाला हो" एवढंच सांगत होत्या. सिस्टर म्हणाली, बाई उठल्या की भादरलेली पट्टी केसांखाली झाकून जाईल, मामांनी किती पुढचा विचार केलाय बघा. आम्हा सगळ्यांनाच धीर आला.

चिमटा लागायच्या आधीच फुगा फुटला. डॉक्टरांनी शर्थ केली. मामी उठल्या नाहीत.

पुढे मामा कामावर जायला लागले. एकदा पायरीवर बसलो होतो दोघे. मी म्हटलं, एवढी डोकी तुमच्या हाताखालून गेली, त्यातली किती परत आली नाहीत तेही पाहिलंत; तरी मामी उठतीलच अशी खात्री धरून वेणी घातलीत. मामा वस्तरा पुसत होते. मान वर न करता म्हणाले,

"खात्री असती तर मी कशाला घातली असती? उठल्यावर तिची तिनेच घातली असती."