बाईसाहेबांचा जुना पत्ता

नव्या घरात येऊन आठवा दिवस होता आणि पडद्याच्या दांड्या बसवणारा माणूस भिंतीला भोकं पाडत होता. धूळ फार झाली म्हणून त्यानं कुणाला न विचारता खिडकीची काच सरकवली. एवढंच. कपाटावर बसलेल्या बाईसाहेबांनी मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे केली, आणि पंखांचा आवाज ऐकून कुणी वर बघेपर्यंत त्या बाहेर होत्या.

"कबूतर गेलं वाटतं," दांड्यावाला म्हणाला.

कवळीकाका बोटांत मेणाचा तुकडा घेऊन तसेच खिडकीशी धावले. सहाव्या मजल्यावरून त्यांना आभाळ दिसलं, समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसल्या आणि एक राखाडी ठिपका दिसला. ठिपक्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग कुणी दोरीनं ओढावं तसा तो सरळ पूर्वेकडे निघाला.

"कुठं गेलं हो?"

"घरी," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले.

काका दातांच्या कवळ्या बनवायचे. गावातले दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे. काका त्यांत प्लास्टर ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक भरायचे, शिजवायचे, घासायचे. बत्तीस वर्षं हेच. हात इतका स्थिर की बघणाऱ्यानं श्वास रोखावा, आणि टेबलाखाली पाय मात्र सारखा हलता. लग्न त्यांचं जमलं नाही, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं स्वतःचं जमवलं नाही. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तिला सगळे ताई म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. दोघं भावंडं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची, आणि त्या दोन खोल्यांत एके दिवशी कबूतर आलं.

ते दिलं एका क्रेनवाल्यानं. क्रेनवाल्याच्या गच्चीवर शर्यतीची चाळीसेक कबुतरं होती, पण तोंडात दात एकही नव्हता. डॉक्टरांनी बसवलेल्या कवळीतून त्याचा प्रत्येक 'स' शिट्टी होऊन बाहेर पडायचा, आणि शिट्टी म्हणजे परत बोलावणं समजून आभाळातली कबुतरं गोंधळून खाली उतरायची. तो वैतागून थेट काकांच्या दारात आला. काकांनी पुढच्या दोन दातांमागे कानस फिरवली, शिट्टी बंद झाली. दुसऱ्या दिवशी क्रेनवाला बुटांच्या खोक्यात महिन्याभराचं पिल्लू घेऊन हजर.

"याचा बाप पाचशे किलोमीटरवरून एका दिवसात घरी आलाय," तो म्हणाला. "शर्यतीच्या भानगडीत तू पडू नकोस, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. पण सांभाळ. माणूस विसरेल, हे तुझं घर विसरणार नाही."

काकांनी तोवर कुंडीतलं रोपटंसुद्धा सांभाळलं नव्हतं. पिल्लू छाती काढून कामाच्या टेबलावर तपासणीला आल्यासारखं फिरायचं, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. दीड वर्षानं साहेबांनी प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीत बसून अंडं घातलं. ताईनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "घ्या. आता बाईसाहेब म्हणा."

बाईसाहेब मशीन चालू असताना काकांच्या खांद्यावर बसायच्या. मेणातले दात मक्याचे दाणे समजून टोचायच्या. एकदा एका हेडमास्तरांचा पुढचा दात पळवून त्यांनी माळ्यावर टाकला आणि डॉक्टरांना काय कारण सांगावं याचा विचार करण्यात काकांची दुपार गेली. रविवारी काका त्यांना टोपलीत घालून बसनं पार शहराबाहेर न्यायचे आणि सोडायचे. ताई घड्याळ घेऊन खिडकीत. काका दोन बस बदलून घरी पोचेपर्यंत बाईसाहेब पाणी पिऊन, पिसं साफ करून टेबलावर बसलेल्या असायच्या. आठ वर्षांत हा नेम एकदाही चुकला नाही.

मग ताईच्या गुडघ्यांनी दगा दिला. तीन जिने उतरायचे म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते दिसू नये म्हणून ती उतरायचंच टाळायची. लिफ्टवालं घर बघणं भाग होतं. ते मिळालं शहराच्या दुसऱ्या टोकाला. क्रेनवाल्यानं आधीच बजावलं होतं, "निदान तीन महिने खिडकी उघडू नकोस. तिच्या लेखी तू घर बदललेलं नाहीस."

बाईसाहेब पहिल्यांदा उडाल्या त्या दिवशी काका जुन्या जिन्यावर धापा टाकत चढले, तर दार एका मुलीनं उघडलं. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि रात्रपाळी करून नुकतीच झोपली होती.

"तुमचं का हे कबूतर?" ती म्हणाली. "तासभर टकटक चाललंय. मी दोनदा दार उघडलं, बाहेर कुणीच नाही. म्हटलं, झोप कमी झाल्यानं भास होतायत."

बाईसाहेब खिडकीबाहेरच्या पट्टीवर उभ्या होत्या. काकांनी खिडकी उघडली, तशा त्या आत येऊन जिथं कामाचं टेबल असायचं तिथं उतरल्या. तिथं आता नर्सची कॉट होती. बाईसाहेब उशीवर उभ्या राहिल्या आणि काकांकडे बघू लागल्या. काकांनी फरशीवर बघितलं. अॅक्रिलिकचा गुलाबी डाग जागच्या जागी होता. नर्सनं चहा टाकला. एक कप प्यायला काकांना तासभर लागला.

टोपलीत घालून त्यांनी बाईसाहेबांना परत आणलं. खिडकीची काच बंद झाली, पण घराला काही चैन पडेना. बाईसाहेब चौकटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या चालायच्या, नखांची टिकटिक दिवसभर. काका कामाला बसायचे, दोन दात लावायचे, उठायचे. दिव्याच्या बटणासाठी हात डावीकडे जायचा, बटण उजवीकडे. लिफ्टमध्ये कुणी "कितवा मजला?" विचारलं की त्यांच्या तोंडून "तिसरा" निघायचं, आणि मग तिसऱ्या मजल्यावर उतरून ते गुपचूप तीन जिने चढायचे. घर खायला उठलं होतं.

"एकानं तरी बसा रे," ताई म्हणायची. "तुम्हा दोघांकडे बघून मला गरगरायला लागलंय."

ताई मात्र आठवड्यात रुळली. लिफ्टनं खाली जायची, बाकावर बसून चार बायका गोळा करायची, कोपऱ्यावरून भाजी आणायची. तिचा चेहरा पाच वर्षांनी तरुण दिसायला लागला होता. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांनी काकांची कवळी परत पाठवली. वरचे दात खालच्यांना टेकत नव्हते. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

दहा दिवसांनी बाईसाहेब पुन्हा गेल्या. काकांनी पुन्हा चपला घातल्या, पुन्हा नर्सचा चहा घेतला. तिसऱ्या वेळी मात्र ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि काकांना ते ठाऊक नव्हतं. तिनं जे बघितलं ते असं: काकांनी मागं वळून बघितलं, स्वतःच्या हातानं काच चार बोटं सरकवली, येऊन खिडकीकडे पाठ करून बसले आणि मेण तापवू लागले. पंख वाजले. काका जरा वेळ थांबले आणि मग मोठ्यानं म्हणाले, "अरेरे, गेली वाटतं!"

"चपला घालून काम करतोस होय हल्ली?" ताई म्हणाली.

काकांनी पायांकडे बघितलं. चपला पायांतच होत्या.

"तुला जायचंय तर सरळ जा ना. कोण अडवतंय? त्या पाखराला कशाला पुढं करतोस? वाटेत ससाण्यानं धरलं म्हणजे?"

"काच नीट लागली नसेल."

"मी बघितलंय."

काकांचा टेबलाखालचा पाय पहिल्यांदाच थांबलेला होता.

"मला इथं पाहुणा आल्यासारखं वाटतं गं," ते अखेर म्हणाले. "कुठंही बसलो तरी कुणीतरी येईल आणि म्हणेल, उठा, ही आमची जागा."

"मग हे मला सांगता येत नव्हतं?"

"तुझ्या गुडघ्यांसाठी आलो. तुलाच कसं सांगू?"

तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून देणाऱ्या बाईला स्वतःच्या भावाशी काय बोलावं ते सुचेना. "जा, घेऊन ये तिला," ती शेवटी म्हणाली. "पण ही शेवटची."

जुन्या घरी बाईसाहेब नव्हत्या.

नर्सला टकटक ऐकू आली नव्हती. काकांनी गच्ची धुंडाळली, शेजारच्या वळचणी बघितल्या, रस्त्यावरच्या प्रत्येक पारव्याच्या पायात बाईसाहेबांसारखी कडी आहे का ते बघत गल्ली दोनदा पालथी घातली. क्रेनवाल्याच्या गच्चीवर गेले. तिथंही नाही. क्रेनवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "काच उघडी कशी राहिली?" काका जिन्याकडे वळले. घरी आले तेव्हा जेवण ताटात तसंच राहिलं. ताईनंही त्यांना जेव म्हटलं नाही. सकाळी ते उजाडल्यापासून खिडकीत उभे. बसवत नव्हतं, कुठं जाववतही नव्हतं.

नऊच्या सुमाराला नर्सचा फोन आला. "काका, आलीय. पण या लवकर."

बाईसाहेब टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. शेपटीची निम्मी पिसं गेली होती आणि पाठीवर बोटभर लांबीची जखम. नर्सनं ती धुऊन औषध लावलं होतं. "ससाणाच असणार," ती म्हणाली. "दाराबाहेर जिन्यात बसली होती. चालत आली असेल शेवटी, पाय मातीनं माखले होते." मग चाचरत म्हणाली, "काका, राग येणार नसेल तर एक बोलू? इथंच राहू दे ना तिला. मी सांभाळीन. तिला हेच घर वाटतं, मग कशाला ओढून न्यायची?"

काका कॉटच्या कडेला बसून राहिले. मुलगी चुकीचं बोलत नव्हती. बाईसाहेबांना इथं ठेवलं असतं तर अधूनमधून बघायला यायला हक्काचं कारणही राहिलं असतं, आणि हा विचार मनात आला तशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पाठीवरची जखम त्यांनीच केली होती, ससाणा निमित्ताला होता.

"बरी होईपर्यंत नेतो," ते म्हणाले. "मग बघू."

क्रेनवाल्यानं उपाय सांगितला. "कडीकुलपानं पाखरू राहत नसतं. तिला जोडीदार दे. अंडी घालू दे. जिथं पिल्लं, तिथं घर." आणि पंख मोडल्यानं उडू न शकणारा एक म्हातारा नर त्यानं काकांच्या हवाली केला. ताईनं त्याला बघताक्षणी नाव दिलं, पेन्शनर.

बाईसाहेबांनी नऊ दिवस पेन्शनरकडे ढुंकून बघितलं नाही. तो मान फुगवून गोल गोल फिरायचा, त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. "माझ्यावर गेलीय," ताई म्हणाली. दहाव्या दिवशी पेन्शनरनं झाडूची एक काडी ओढत आणून त्यांच्यापुढं ठेवली. बाईसाहेबांनी ती उचलली. ताईनं आपण होऊन झाडू त्यांच्या स्वाधीन केला.

कपाटाच्या उघड्या खणात दोन अंडी आली. सकाळी दहाच्या आसपास पेन्शनर पाळीवर यायचा, दुपार उलटली की बाईसाहेब त्याला चोचीनं ढकलून आपली जागा घ्यायच्या. काका मेणाचं काम करता करता दोघांच्या पाळ्या बघायचे. अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, पिवळी, आंधळी, आडव्यातिडव्या मानेची. तोवर शेपटीची पिसंही भरून आली होती.

पिल्लं आठवड्याची झाल्यावर क्रेनवाला म्हणाला, "आता उघड. भर दुपारी, तो पाळीवर असताना."

काकांनी ताईला शेजारी उभं केलं आणि काच पूर्ण सरकवली. बाईसाहेब चौकटीवर आल्या. पिल्लांकडे बघितलं, बाहेर बघितलं. गेल्या. एक फेरी, दुसरी फेरी, आणि सरळ पूर्वेकडे.

"गेली," ताई म्हणाली.

एक वाजला. दोन वाजले. ताई उठायची, खिडकीशी जायची, गुडघा धरून परत यायची. काका कधी पिल्लांपाशी, कधी दारापाशी. हातातला ठसा त्यांनी तीनदा उचलून तीनदा ठेवला.

"जातोस का तिकडं?" ताईनं विचारलं.

"नाही."

"फोन तरी कर."

"नको. आली तर आपणहून येऊ दे."

तीन वाजले. पेन्शनर खणात चुळबुळायला लागला. चार वाजून गेले तेव्हा ताई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली, आणि म्हणून बाईसाहेब आत शिरताना तिनं बघितलंच नाही. चौकटीवर न थांबता त्या थेट खणावर उतरल्या, पेन्शनरला ढकललं आणि पिल्लांवर बसल्या. काकांनी टेबलावर जोरानं थापटलं. ताई धावत आली. पाच वर्षांत ती धावली नव्हती.

मग काकांनी नर्सला फोन लावला.

"आली होती ना," ती म्हणाली. "पाव तास बसली बाहेरच्या पट्टीवर. मी खिडकी उघडली, हाक मारली, दाणे ठेवले. आत नाही आली. मग उडालीच." तिचा आवाज जरा उतरला होता. "पोचली का?"

"पोचली."

काकांचा पाय पुन्हा हलत होता. ते रुळले असं काही म्हणता येणार नाही. कालच ते तिसऱ्या मजल्यावर उतरले होते. पण फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "सुट्टी कधी असते तुला? पिल्लं बघायला ये की."

"येईन. पत्ता सांगा."

काकांनी तोंड उघडलं आणि थांबले. हा पत्ता त्यांनी अजून स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगितला नव्हता; डॉक्टरांनासुद्धा तो ताईनंच कळवला होता. फोनवर हात ठेवून त्यांनी मान वळवली.

"ताई, आपला घर नंबर काय गं?"