अक्कांची आग्रहबंदी

अक्कांची अर्धी हयात वस्तीतल्या पोरांचं वजन वाढवण्यात गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षं त्याच पोरांच्या आयांचं वजन उतरवण्यात. भुसावळला रुळांच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत त्या अंगणवाडी सेविका होत्या. मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं ठसठशीत अहिराणी. "खिचडी मी पोरेसले दिधी, अन फुगन्यात तुमी," असं त्या बायकांना तोंडावर सुनवायच्या.

पहिला नंबर माझ्या आईचा लागला. आई रुळांपलीकडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायची आणि तिथे जायला स्टेशनचा पूल चढावा लागे. गुडघ्यांनी दगा दिला तशी ती दर चार पायऱ्यांनी थांबू लागली, कामावर उशिरा पोचू लागली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. पूल सुटला तर काम सुटणार आणि काम सुटलं तर आमची चूल, हे सगळ्यांना दिसत होतं.

दर रविवारी वजन करायला अक्कांनी भंगारवाल्याचा काटा मिळवला. भंगारवाला बिचारा सवयीने आकडा मोठ्याने पुकारायचा आणि चौकातले नवरे भाव विचारायचे. पुढच्या रविवारी एकही बाई फिरकली नाही. मग अक्कांनी त्याला दम भरला, तेव्हापासून तो आकडा त्यांच्या कानात सांगू लागला.

खरी पंचाईत आग्रहाची होती. आमच्याकडे पाहुण्याने आधी नको म्हणायचं आणि यजमानाने ताटात आणखी बट्टी टाकायची, ही रीत. ते 'नको' खरं धरणारा माणूस अख्ख्या खान्देशात नव्हता. अक्कांनी ते खरं धरायचं ठरवलं. "ज्याले भूक शे, तो मांगी लेई," एवढाच कायदा.

कायदा पहिल्यांदा भोवला तो त्यांनाच. धुळ्याहून त्यांची विहीण, म्हणजे लेकीची सासू, आली. वरण-बट्टीचं जेवण, वर तुपाची धार. विहीणबाई एका बट्टीनंतर रीतीप्रमाणे नको म्हणाल्या आणि वाट बघत बसल्या. अक्कांनी ताट उचललं. माझी आई वाढायला उभी होती, ती हसू दाबायला मोरीकडे पळाली. विहिणीने धुळ्याला जाऊन काय सांगितलं कोण जाणे, अक्कांची ती लेक, मंदा, पुढे कितीतरी दिवस अक्कांशी बोलली नाही. अक्का एकट्याने रडल्या, पण कायदा मागे घेतला नाही.

वस्ती हळूहळू उतरू लागली. आईचं पोलकं सैल झालं. पण स्वयंपाक मात्र सगळ्या घरी जुन्या मापानेच व्हायचा, त्यामुळे आग्रहाचं सगळं उरायचं. ते बघून अक्कांचा जीव तुटायचा. "अन्न टाकानं नही," म्हणत त्या घरोघरची पातेली निपटून खायच्या. आम्ही बारीक होत गेलो आणि त्या रुंद. आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही याची मला आजही चुटपुट लागते.

शेवटी त्यांची साखर इतकी चढली, की मंदा अबोला विसरून त्यांना धुळ्याला न्यायला आली. आम्ही पोचवायला निघालो. पुलाच्या मधल्या टप्प्यावर अक्का पायरीवर बसल्या, धाप आवरेना. आई म्हणाली, "अक्का, पिशवी दे."

"तू पुढे व्हय, मी येस," अक्का म्हणाल्या.

आई पिशवी घेऊन निघाली आणि एकदाही न थांबता वर पोचली. वरून तिने वळून हाक मारली. अक्का पदराने डोळे पुसत तिच्याकडे बघत होत्या. गाडीची घोषणा झाली तशी मंदाने घाईने अक्कांचा दंड धरला, तर अक्कांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"थांब वं," म्हणाल्या, "माले जराशी देखू दे."