काकूंच्या वाट्याचं आलं

मंगळवारी सकाळी नऊ वाजता, पालममध्ये, माझ्या शेजारच्या काकूंवर अन्याय झाला. काकांना दोन शिंका आल्या, तर मुलगा त्यांना गाडीत घालून परभणीच्या डॉक्टरकडे निघाला. काकू महिनाभर खोकतायत. गाडीची मागची सीट रिकामीच होती.

"काकूंनाही ने की," मी म्हणाले.

"आईला कशाला? ती आलं-मध चाटायली की," तो हसला आणि गेला.

काकू चमच्याच्या कडेनं आलं सोलत बसल्या होत्या. ठेचलेलं आलं घरच्यांच्या चहात आणि भाजीत जातं. साली उकळून त्या स्वतः पितात. विचारलं की म्हणतात, "गुण सालीतच असतोय, पोरी." बोलताना मनगटाचा दोरा चाचपतात. हात इतके वाळलेत, की बांगड्या गळू नयेत म्हणून तो बांधलाय.

"उठा काकू, मी नेते दवाखान्यात."

"ते येतील आता. चहा कोण देईल, तू?"

आलं खोकल्याला चांगलंच, मीही घेते. पण बाईला आलं आणि पुरुषाला डॉक्टर, ही वाटणी घराघरांत चाललीय. तुमच्या घरात जी बाई खोकतेय, तिला आजच दवाखान्यात न्या. "मला काय झालंय?" म्हणाली, तरी न्या.