गार व्हायच्या आत

डांबराच्या कामावर किस्से फार साठतात. चपलेच्या तळाला खडी चिकटत जावी तसे चिकटतात, आणि खरवडून निघत नाहीत. मी रोलर चालवतो, पानशेतच्या वरच्या अंगाला.

*

थंडीत पिंपातलं डांबर दगड होऊन बसतं. एकदा आमचे मुकादम निवृत्तीकाका कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर तुटून पडले. दांडा मोडला! मग खाली जाळ केला, तर तेच डांबर पाण्यासारखं वाहायला लागलं. काका म्हणाले, "सायबासारकं हाय. शेक बसल्याबिगर हालत न्हाई."

*

उन्हाळ्यात उलटं. दुपारी जेवून काका नव्या रस्त्याच्या कडेला जरा टेकले. उठले तेव्हा विजारीचा मागचा भाग रस्त्यातच राहिला! संध्याकाळी पाठीमागे घमेलं धरून घरी गेले.

*

धनगरवाडीतल्या बिराआबांची शेळी अशाच मऊ डांबरात रुतली. डिझेल लावून आम्ही तिचे खूर सोडवत होतो आणि आबा आमचा उद्धार करत होते. "सकाळी दगड, दुपारी चिखल. ह्याला रस्ता म्हणत्यात व्हय?" जाताना मात्र हळूच विचारलं, वाडीपातूर कवा येईल म्हणून.

*

आबांची बायको ठकूआजी आजारी असायची. दवाखान्यात न्यायचं तर चार जण तिला झोळीत घालून जीपपर्यंत उतरवायचे. झोळीतूनच ती आम्हाला बजावायची, "पुढल्या येळंला दारातनं गाडीत बसणार म्या."

आम्ही हो म्हणायचो. पण डांबर-खडीचा टिपर घाट चढून येईपर्यंत माल गार व्हायचा, त्यात फावडं शिरायचं नाही, आणि तो फेकून द्यावा लागायचा. काम मागे पडत गेलं. आजीसमोर उभं राहायची लाज वाटायची.

*

शेवटची चढण उरली होती. गरम मालाचा टिपर येऊन उभा राहिला आणि वरून निरोप आला, ठकूआजी गेली. काकांनी काम थांबवलं. तेवढ्यात आबा स्वतःच खाली आले. टिपरमधून निघणाऱ्या वाफेकडे बघत म्हणाले, "गार हुयाच्या आत टाका. आमी थांबतो."

आम्ही माल टाकला. मी रोलर फिरवला. भावकीतली माणसं तिरडीचे बांबू घेऊन तशीच उभी होती. आबांनी जीप वर बोलावली.

"खांदा नगं," ते म्हणाले. "दारातनं गाडीत बसणार म्हणली व्हती."

जीप तिला घेऊन सावकाश उतरली. डांबर अजून ऊन होतं, चाकांचे वळ उमटले. सवयीने मी रोलर त्यांच्यावर घ्यायला निघालो. काकांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे."