लॉर्ड क्लॅरिंग्टनची सोयरीक

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एखाद्या घरी वर्षानुवर्षं उठबस असली की तबेल्याचा वास कपड्यांना लागतो तसे ते आपल्याला लागतात, आणि धुवून जात नाहीत. माझ्याकडचे बहुतेक एकाच घरातले आहेत. आमच्या बीबी गावात कुणी नुसतं ‘घोडा’ म्हटलं तरी चारचौघं माझ्याकडे बघतात. ‘मास्तर, सांगा ना तो लाडक्याचा,’ म्हणतात. मग चहा सांगितला जातो, आणि मी सुरू होतो.

मी तेव्हा बीबीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावाबाहेर, सुलतानपूरच्या रस्त्याला लागून आण्णासाहेब देशमुखांचा मळा. माणूस दिलदार, उंचापुरा आणि एखाद्या गोष्टीनं डोक्यात घर केलं की मग कुणाच्या बापाचं न ऐकणारा.

एका वर्षी विहिरीसाठी ऑइल इंजिन आणायला म्हणून ते पुण्याला गेले. तिथं त्यांचा एक मेहुणा होता, त्याला रेसचा शौक. त्यानं यांना रेसकोर्सवर नेलं. पुढचं आम्हाला कळलं ते थेट खामगावच्या स्टेशनावर रेल्वेच्या वाघिणीतून एक तांबडा, उंच, मानेला बाक असलेला घोडा उतरला तेव्हा. शर्यतींतून निवृत्त झालेला, नाव लॉर्ड क्लॅरिंग्टन. सोबत त्याची निगा राखणारा मोतद्दार रहीमभाई. घोडा नवीन घरी रुळेपर्यंत चार दिवस राहायचं म्हणून रहीमभाई आले होते. ते पुढे मळ्यातच म्हातारे झाले.

खामगावहून सगळे पायी आले, मुक्काम करत करत. घोडा मळ्यात शिरला तेव्हा आण्णासाहेबांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, दारातच उभ्या होत्या. त्यांनी घोडा पाहिला, मग त्याच्यामागे अजून काही येतंय का ते पाहिलं.

“इंजिन कुठी हाये?” त्यांनी विचारलं.

आण्णासाहेबांनी घोड्याच्या मानेवर थाप मारली. “अवो, हे इंजिनच हाये.”

“हाव का?” काकू म्हणाल्या. “मंग जुपा विहिरीवर.”

आणि आत निघून गेल्या.

*

आण्णासाहेबांचा बेत असा होता की या घोड्यापासून सगळ्या तालुक्यातल्या घोड्यांची अवलाद सुधारायची. तट्टं फार झाली होती, आता जातिवंत रक्त पाहिजे. घोड्यासोबत त्याच्या वंशावळीचा इंग्रजी कागद आला होता. तो त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला आणि पाठ केला. बाप, आजा, पणजा, आईचा बाप, आईच्या आईचा बाप. सगळे लॉर्ड, प्रिन्स आणि कॅप्टन. पाहुणा आला की त्याला पाणी मिळायच्या आधी या पिढ्या ऐकायला मिळत.

एकदा मेहकरहून काही मंडळी आली होती. आण्णासाहेब डोळे मिटून सातव्या पिढीपर्यंत पोचले. मंडळी थक्क झाली. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

“अवो,” त्या शांतपणे म्हणाल्या, “माह्या आजीचं नाव सांगा बरं.”

आण्णासाहेबांनी डोळे उघडले. बराच वेळ छताकडे पाहिलं. मग चहा चांगला झालाय म्हणाले.

त्या दिवसापासून पिढ्या सुरू करायच्या आधी ते एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून घ्यायचे.

*

वंशावळ तोंडी सांगून भागेना म्हणून मला एक मोठा पत्र्याचा फलक रंगवायला सांगितला. मी आठ दिवस खपलो. वर घोड्याचं चित्र, खाली झाडासारख्या फांद्या, प्रत्येक फांदीवर एक पूर्वज. फलक मळ्याच्या फाटकावर लागला. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. लॉर्ड क्लॅरिंग्टन हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्याचं ‘लाडक्या’ झालं आणि तेच राहिलं.

सुलतानपूरचे एक वजनदार पाटील आपली घोडी घेऊन आले. ही पहिलीच घोडी, त्यामुळे आण्णासाहेब स्वतः फाटकापर्यंत सामोरे गेले. पाटील फलकासमोर उभे राहिले आणि एकेक फांदीवर बोट ठेवत सावकाश वाचत गेले. एके ठिकाणी बोट थांबलं. मग दुसऱ्या बाजूला गेलं. मग परत पहिल्या बाजूला आलं.

“मास्तर, हे नाव बापाच्या बाजूनं बी हाये आन मायच्या बाजूनं बी हाये.”

खरं होतं. दोन्हीकडे पणजा एकच होता. आण्णासाहेब समजावू लागले की विलायतेत मुद्दाम असं करतात, त्यानं गुण पक्के होतात. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं खरं असंल, देशमुख. पन भावकीतच लगन झालेलं घर हाये हे. आमची घोडी आमी देत नाई.”

आणि घोडी वळवून गेले.

आण्णासाहेबांना ते फार लागलं. मला म्हणाले, एका बाजूचं नाव पुसून टाका. मी ब्रश घेऊन गेलो, तर फलकासमोर रहीमभाई उभे. एरवी कधी कुणाशी मान वर करून न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हटला नाही.

“साहब, घोडा रेस हारे तो चलता,” ते आण्णासाहेबांना म्हणाले. “बाप-दादा का नाम मिटाना नई चलता.”

आण्णासाहेबांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले की नाव राहू द्या, फक्त खाली बारीक अक्षरात एक ओळ घाला. ती ओळ फलक गंजेपर्यंत तिथं होती :

‘टीप – घोड्यांत हे चालते.’

*

घोड्या येईनात. मग आण्णासाहेबांनी पत्रक छापायचं ठरवलं. मजकूर मी लिहिला. उच्च घराण्यातील लॉर्ड क्लॅरिंग्टन, वर्ण तांबूस, बांधा उंच, यांची सेवा उपलब्ध आहे, तरी अमुक रविवारी देशमुखांच्या मळ्यात घोडीसह अवश्य यावे. कागद खामगावच्या एका छापखान्यात पाठवला.

चैत्र-वैशाखाचे दिवस. छापखान्यात लग्नपत्रिकांची झुंबड. तिथल्या खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरनं मजकूर वाचला, उच्च घराणं पाहिलं, वर्ण पाहिला, बांधा पाहिला आणि त्याला काय वाटायचं ते वाटलं. वर गणपती घातला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ घातलं. आणि मी ‘घोडीसह’ लिहिलं होतं ती माझी चूक समजून त्यानं ती सुधारली.

पत्रकं गावोगाव वाटून झाल्यावर आम्ही ती नीट वाचली. त्यात छापलं होतं, ‘सहकुटुंब अवश्य यावे.’

रविवारी सकाळपासून बैलगाड्या लागल्या. बायका नटूनथटून, पोरं टोप्या घालून. आण्णासाहेब खोलीत जाऊन बसले, बाहेर येईनात. काकूंनी पदर खोचला. आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं नाही म्हणाल्या, आणि गावातल्या चार बाया बोलावून चुली पेटवल्या. वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी. दुपारपर्यंत पंगती उठत होत्या. त्या दिवशी मला कळलं की ते घर कोण चालवतं.

एक म्हातारी आजी दूरच्या खेड्यावरून आली होती. जेवण झाल्यावर तिनं आहेराचं खणाचं कापड काढलं आणि काकूंना विचारलं, “नवरदेव कुठी हाये, बाई?”

काकूंनी तिचा हात धरला, तिला तबेल्याशी नेलं आणि लाडक्यासमोर उभं केलं. आजीनं त्याला खालून वर, वरून खाली नीट न्याहाळलं.

“उंच हाये,” ती म्हणाली. “पोरगी कोनाची?”

*

त्या पंगतीचा एक फायदा झाला. सुलतानपूरचा गणपत बँडवाला जेवायला आला होता, तो आपल्या पांढऱ्या घोडीवर बसून. चंद्री तिचं नाव. पंचक्रोशीतले नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात जायचे. वरातीची घोडी आणि क्लॅरिनेट, एवढ्यावर गणपतचं घर चाले. काकूंच्या हातचं खाऊन तो इतका खूश झाला की भावकीची टीप वाचूनसुद्धा चंद्री द्यायला तयार झाला.

ठरल्या दिवशी चंद्रीला लाडक्यासमोर आणलं. ती काही केल्या एका जागी उभी राहीना. लाथा झाडी, गोल फिरे. लाडक्या घाबरून मागे सरकायला लागला. रहीमभाईंनी सगळे उपाय केले. शेवटी गणपतच खाली मान घालून म्हणाला की तिची एक सवय आहे, सांगायला लाज वाटते. बँड वाजल्याशिवाय ती उभी राहत नाही.

आण्णासाहेबांनी एकदा घराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “वाजव मंग.”

गणपतनं क्लॅरिनेट काढलं आणि वरातीची चाल धरली. चंद्री पुतळ्यासारखी उभी राहिली.

घरातून काकूंनी गडी पाठवला, मळ्यात कुणाचं लग्न आहे ते बघून यायला. गडी बघून गेला. थोड्या वेळानं परत आला तो हातात ताट घेऊन. ताटात हळद-कुंकू आणि अक्षता होत्या. आण्णासाहेबांचे कान लाल झालेले मी तेव्हा एकदाच पाहिले.

*

चंद्रीचे दिवस भरत आले तशी आण्णासाहेबांनी तिला मळ्यातच ठेवून घेतली. रोज तिच्याजवळ खाट टाकून बसायचे. एका कामासाठी लोणारला गेले आणि नेमकी त्याच दुपारी चंद्री व्याली. शिंगी झाली, म्हणजे मादी शिंगरू. लांब पायांची, हुबेहूब बापासारखी तांबडी.

आण्णासाहेब परतले आणि आनंदानं वेडे झाले. नाव ठेवलं लेडी क्लॅरिंग्टन. गणपतनं त्याच क्षणी तिचं ‘लाडी’ केलं, पण त्याचा चेहरा उतरला होता.

“मालक, शिंगी गोड हाये. पन नवरदेवाले पांढरी घोडी लागते. तांबडीवर कोन बसंल?”

रहीमभाई म्हणाले, सबर करो, पांढऱ्या घोड्या जन्मताना काळ्या-तांबड्याच असतात, रंग मागून येतो. गणपतचा विश्वास बसेना. दूध सुटेपर्यंत लाडी मळ्यातच होती. गणपत येता-जाता यायचा, तिचं तोंड हातात धरून एकेक केस बघायचा. आण्णासाहेबही बघायचे. एक पांढरा केस निघावा म्हणून गणपतनं नवस बोलला होता. निघू नये म्हणून आण्णासाहेबांनी बोलला असावा, असं काकू म्हणायच्या.

एक दिवस गणपत पेढे घेऊन आला. डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागले होते. आण्णासाहेबांनी पेढा घेतला, लाडीकडे पाहिलं आणि उसासा टाकून म्हणाले, “मायवर गेली.”

*

लाडी चार-पाच वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. अंगानं बरीचशी पांढरी, पायांवर अजून राखाडी. चंद्री थकली होती, म्हणून वराती आता लाडी करायची. शांत होती. रहीमभाईंना तेच खुपायचं. इतक्या मोठ्या बापाची पोर आणि मुंगीच्या चालीनं मांडवापर्यंत जाते, म्हणायचे.

बीबीच्या त्र्यंबकरावांच्या मुलीचं लग्न होतं. लग्न त्याच दिवशी लागलं, उशिरा लागलं, आणि संसार चांगला झाला, हे आधीच सांगून टाकतो. नवरदेव चिखलीकडचा, सोसायटीत कारकून, अतिशय सभ्य मुलगा. सायकलपलीकडे कशावर बसलेला नव्हता. मारोतीच्या देवळापासून वरात निघाली. रस्ता अरुंद. मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, वरात बाजूला झाली, आणि गाडी लाडीच्या अंगाला घासून पुढं निघाली.

आजवर लाडीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, कारण वरातीत घोडीच्या पुढं फक्त बँड असतो आणि तो उलटा तोंड करून चालतो.

मी आणि आण्णासाहेब लग्नाला निघायच्या तयारीत मळ्याच्या फाटकाशी उभे होतो. रस्त्यावर धूळ दिसली. धुळीतून लाडी आली, मान लांब केलेली, पाय जमिनीला लागतात की नाही अशी. पाठीवर नवरदेव, दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारलेला, मुंडावळ्या मागे उडताहेत. आणि तिच्या मागे एस.टी., सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकलेली.

लाडी फाटकातून वळली आणि आपल्या जुन्या जागेवर येऊन उभी राहिली. रहीमभाईंनी नवरदेवाला उतरवून खाटेवर बसवलं. काकूंनी सरबत आणलं, ते त्यानं नुसतं हातात धरलं.

एस.टी. थांबली. ड्रायव्हर धावत आला. त्याला वाटलं आता आपल्याला मार बसतो. आण्णासाहेबांनी त्याचा दंड धरला.

“गाडी किती दाबली होती?”

“साहेब, मी काट्याकडं पाहू कवा? मी त त्या मानसाकडं पाहून राह्यलो होतो.” मग थांबून, जरा नाराजीनं म्हणाला, “पन उतारावर पुरी दाबली होती.”

आण्णासाहेबांनी रहीमभाईंकडे पाहिलं. रहीमभाई पाठ करून लाडीचा घाम पुसत होते, आणि मधूनच त्याच फडक्यानं स्वतःचे डोळे.

तेवढ्यात त्र्यंबकराव बैलांच्या दमणीतून येऊन पोचले. पागोटं पडलेलं, अंगभर धूळ. आता आण्णासाहेबांची काही धडगत नाही, असं मला वाटलं. पण ते कुणाकडे न बघता थेट खाटेपाशी गेले आणि जावयाच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले.

“जवाईबापू, लागलं त नाई कुठी?”

नवरदेवानं मान वर केली. मुंडावळ्या सरळ केल्या. मळ्यात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

“मामाजी,” तो म्हणाला, “मोटार मांगं राह्यली.”